तोंड फिरवून उभी माणसं

जयमालाने क्लिप पुन्हा मागे नेली.

पडद्यावरच्या दोन बायका एकमेकींपासून सुट्या झाल्या, उलट्या पावलांनी लांब गेल्या आणि परत धावत येऊन एकमेकींवर आदळल्या. त्यांच्याभोवती लाल चौकट उमटली. चौकटीच्या डोक्यावर शब्द आला: झटापट. आवाज काहीच नाही. गेटवरच्या कॅमेऱ्यांना अजून कान बसवले नव्हते; ते म्हणे पुढच्या वर्षी बसणार होते.

"मॅडम, 'हो' दाबा आणि मोकळ्या व्हा," मागून रोहिदास म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांत चहाचे कागदी कप होते. "कंपनीचा फोन येऊन गेला. परत येईल."

"भांडण नाहीये हे."

"अहो, डोक्याला डोकं आपटतायत."

"आपटत नाहीयेत. टेकवतायत."

रोहिदासने कप टेबलावर ठेवले आणि वाकून बघितलं. चौकटीतली एक बाई कंपनीच्या निळ्या एप्रनमध्ये होती, गळ्यात ओळखपत्र. दुसरी बाहेरून आलेली, डोक्यावरून पदर घेतलेली. तिच्या काखेतली कापडी पिशवी खाली पडून लाथाडली जात होती. एप्रनवालीने तिच्या मानेभोवती हात टाकले होते, आणि दोघी अशा काही हेलकावत होत्या की मशीनच काय, कुणालाही वाटावं, एक दुसरीला खाली पाडायला बघतेय.

"महाळुंग्याचं गेट आहे," रोहिदास म्हणाला. "एप्रनवाली कुशाबाई. वायरींच्या लाइनवर असते, कॉन्ट्रॅक्टची. मशीनने बघितलं तेव्हाच तिचं कार्ड थांबलंय. तुम्ही 'हो' म्हणालात की कायमचं बंद. 'नाही' म्हणालात तर कारण लिहावं लागतं, ते हिंजवडीला, मशीन बनवणाऱ्यांकडे जातं. तिथं कोण वाचत बसणार, सांगा ना."

जयमालाने नजर पडद्यावरच ठेवली. कप मात्र पुढे ओढून घेतला.

हे काम ती करायला लागली त्याला फार दिवस झाले नव्हते. त्याआधी ती भोसरीच्या एका कॉलेजात मराठी शिकवायची. आधी मुलं कमी झाली, मग तुकडी गेली, मग एका जूनमध्ये कला शाखाच गेली आणि तिच्या वर्गाच्या जागी रोबोटिक्सची लॅब आली. उद्घाटनाला तिलाही आग्रहाने बोलावलं होतं. सूत्रसंचालन करायला दुसरं कुणी नव्हतं. रोहिदास तिच्या वर्गात मागच्या बाकावर झोपणारा जुना विद्यार्थी. महाळुंग्याचाच. त्याच्या घरची जमीन कारखान्यांखाली गेली आणि त्या कारखान्यांवर नजर ठेवायचं कंत्राट त्याने घेतलं. एकदा दिघीच्या बस थांब्यावर ती त्याला दिसली, तेव्हा त्याने गाडी थांबवून नोकरीचं विचारलं होतं. "परीक्षेत कोण कॉपी करतंय ते तुम्हाला फळ्याकडे तोंड असतानाही कळायचं, मॅडम. आमच्याकडं तेच काम आहे." तिला हसू आलं होतं. घरी जाऊन एकटी बसल्यावर मात्र आलं नव्हतं.

खोलीत भिंतभर पडदे होते. पडद्यांवर चाकणपर्यंतची गेटं, जिने, कँटीनं, पार्किंगं. मशीन चौकट काढायचं, नाव द्यायचं; जयमालाने हो किंवा नाही म्हणायचं. खोलीच्या कोपऱ्यात, छताला, आणखी एक कॅमेरा होता. बघणाऱ्यांकडे बघणारंही कुणीतरी हवंच.

"रोहिदास, त्या दोघींना सोड," ती म्हणाली. "आजूबाजूची माणसं बघ."

"काय करतायत?"

"तू सांग. काय दिसतं?"

हा तिचा वर्गातला आवाज होता. रोहिदास आपोआप सरळ झाला. शिफ्ट सुटायची वेळ होती. गेटपाशी बरीच माणसं होती. गेटवरच्या वॉचमनने टोपी काढून हातात घेतली होती आणि तो रस्त्याकडे बघत होता. दोन तरुण पोरी एकमेकींचे हात धरून उभ्या ट्रकच्या नंबरप्लेटकडे बघत होत्या, जणू तो नंबर पाठ करायचा होता. एक सुपरवायझर भिंतीवरची हेल्मेटची पाटी वाचत होता. वाचून संपली तरी वाचतच होता.

"भांडण असतं तर एव्हाना मोबाईल वर आले असते," जयमाला म्हणाली. "एकाने तरी काढलाय का? सगळे तोंड फिरवून उभे आहेत."

रोहिदास पडद्याच्या आणखी जवळ वाकला. मग बोलला ते ऑफिसातलं बोलणं नव्हतं.

"आजी गेली तवा आत्या आली व्हती. अशीच. दारातनंच हेल काढीत आली आन् आईच्या गळ्यात पडली. बाप्ये माणसं तिकडं गोठ्याकडं तोंड करून बसली व्हती." त्याने मान हलवली. "कुनीतरी गेलंय, मॅडम."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"माहीत व्हतं ओ." तो ओशाळला. "पण वर लिहिलेलं होतं ना. झटापट म्हणून."

कारण लिहायचं तर कोण गेलं ते कळायला हवं होतं. जयमाला दुपारी महाळुंग्याला गेली. कुशाबाई गेटच्या बाहेर, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीमागे दगडावर बसली होती. कार्ड लागत नव्हतं तरी एप्रन अंगावर होताच. तो काढला तर आपणच कबूल केल्यासारखं होईल, असं तिला वाटत असावं.

"तुमी त्या कॅमेऱ्यावाल्या का?" तिने विचारलं.

"हो. कालचं विचारायला आले. भेटायला आल्या होत्या त्या कोण तुमच्या?"

"मंजुळा. भन माझी, धाकटी. खेडाच्या पल्याड वाडीत दिलीया." कुशाबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पोरगं गेलं तिचं. तळेगाव रस्त्याला. कंटेनरनं."

मागून एक ट्रेलर गेला. धूळ हळूहळू खाली बसली.

"मी गेले न्हाई वो," कुशाबाई म्हणाली. "ह्या महिन्यात खाडा झाला का काढून टाकत्यात. आज जाईन, उंद्या जाईन. माझं काम तिच्या दारात जायचं, तिला गळ्याशी धरायचं. तर तीच आली. सुतकात उंबरा वलांडून, येष्टी बदलून. आन् माझं दार म्हंजे कुटलं? तर हे गेट."

"मी लिहिते तसं," जयमाला म्हणाली. "भांडण नव्हतं म्हणून. कार्ड सुरू होईल तुमचं."

कुशाबाईचा चेहरा उजळायला हवा होता. उजळला नाही.

"तुमी बघितलं का समदं?"

"हो."

"लई येळा?"

जयमालाला खोटं बोलता आलं असतं. "कळेपर्यंत बघावं लागलं," ती म्हणाली.

"आन् आता आनखी कोन बघनार?"

"ऑफिसातली माणसं. एक-दोन."

कुशाबाईने मान खाली घातली. मग गेटकडे हात केला. "तितं येवढी मानसं व्हती. एकानं बघितलं न्हाई बाई," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं चांगलं सांगावं तसं तिने सांगितलं. पण जयमालाला टपरीवरच्या गॅसची आच एकदम लागल्यासारखी झाली. ती थोडी सरकून बसली.

"तुमची आई हाय का?" कुशाबाईने मध्येच विचारलं.

"नाही. गेल्या वर्षी गेली."

"कोन कोन आलं व्हतं?"

दिघीचा फ्लॅट. फोनवर हात जोडलेली चित्रं येत राहिली होती, एकाखाली एक. भाऊ परदेशातून व्हिडिओवर होता आणि त्याचा पडदा सारखा थिजत होता. सोसायटीतल्या कुणीतरी पाठीवर दोन बोटं ठेवून 'सावर स्वतःला' म्हटलं होतं, आणि तिने खरोखरच सावरून सगळ्यांना चहा केला होता.

"सगळे आले होते," ती म्हणाली.

कुशाबाईने तिच्याकडे नीट बघितलं. मग तिचा हात उठला, जयमालाच्या खांद्यापर्यंत आला. तेवढ्यात तिची नजर रस्त्यापलीकडच्या खांबावरच्या कॅमेऱ्यावर गेली. हात तिथूनच परत फिरला आणि मांडीवर जाऊन बसला.

"हितं नगं," कुशाबाई म्हणाली.

त्या संध्याकाळी जयमालाने कारण लिहिलं. आधी काय दिसतं ते लिहा, अर्थ नंतर सांगा, असं ती वर्षानुवर्षं मुलांना सांगत आली होती, तसंच लिहिलं. कपाळाला टेकलेलं कपाळ. पाठीवर थापटणारा तळवा. पडलेली पिशवी, जी उचलायचं दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. आणि तोंड फिरवून उभी माणसं. किती दिवसांनी ती असं सलग लिहीत होती. एका शब्दापाशी अडून ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, आणि तो शब्द मिळाला तेव्हा तिला आतून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला कुशाबाईचं कार्ड चाललं.

आणि आठवडा व्हायच्या आत हिंजवडीहून मोनिका आली. मशीन जिच्या टीमने बनवलं ती. तिशीची, पाठीवर सॅक, बोलणं भरभर आणि मनापासून.

"मॅम, तुमची नोट आम्ही सगळ्या टीमने वाचली. अंगावर काटा आला, खरंच सांगते. आमच्या मशीनला शोक हा प्रकारच माहीत नव्हता! आमच्याकडे सगळे इंजिनिअर हो. कुणाला सुचणार हे? तुमच्यासारखी, म्हणजे भाषा, संस्कृती वगैरे शिकलेली माणसं आम्हाला हवीच आहेत."

कोपऱ्यात रोहिदास अभिमानाने उभा होता, वर्गात आपल्याच बाईंचा सत्कार असल्यासारखा.

"हे शिकवलं तर काय होईल?" जयमालाने विचारलं.

"कुशाबाईसारखं पुन्हा कुणाचं होणार नाही. भांडण ते भांडण, रडणं ते रडणं. मशीनला फरक कळेल."

हे खरं होतं. यात खोटं काहीच नव्हतं. आणि 'हवीच आहेत' हे शब्द जयमालाने बऱ्याच वर्षांत ऐकले नव्हते.

मग ती शिकवू लागली. चाकणपर्यंतच्या साऱ्या पट्ट्यातल्या क्लिपा तिच्यापुढे यायच्या. ती सांगायची: ही आनंदाची मिठी, हात मोकळे आहेत बघ. हा नुसता दमलेला माणूस. ही बाई मात्र रडतेय, पदर तोंडात धरलाय, खांदे बघ. मशीन चुकायचं, ती दुरुस्त करायची, मशीन पुन्हा चुकायचं, पण वेगळी चूक करायचं. असा विद्यार्थी तिला कॉलेजात एकही मिळाला नव्हता. झोपत नव्हता, दांडी मारत नव्हता. सगळ्यांत लवकर तो शिकला ती सगळ्यांत खात्रीची खूण: रडणाऱ्याकडे न बघता शेजारची माणसं बघा. ती तोंड फिरवतात.

"जमलं की मॅडम!" रोहिदास म्हणाला. "आता रडणाऱ्याला कुणी काढत नाही."

पावसाळा सरता सरता तोच एक दिवस चहा घेऊन आला आणि कप हातात धरूनच बसला.

"काय झालं?"

"काही नाही. काढत नाहीत म्हटलो होतो ना. काढत नाहीतच. तेवढ्या वेळाचा पगार कापतात फक्त. कामात नाही म्हणून." तो कपात बघत म्हणाला. "आणि काचेच्या केबिनमध्ये नेऊन बसवतात. एक पोरगी असते तिथं, मन मोकळं करा म्हणते. दार उघडंच असतं, लाइनवरून सगळं दिसतं. कुशाबाईला न्हेली व्हती. ती म्हणे सगळा वेळ नुसती बसली, एक शब्द नाही."

"मग?"

"मग काय. नावापुढं 'अस्थिर' लिहिलं. अस्थिर माणूस लाइनवर नको, सेफ्टीचा प्रश्न असतो म्हणतात. आणखी एकदा ती शोकाची निळी चौकट आली ना मॅडम, तर..." त्याने पुढचं बोलायचं सोडून चहा पिऊन टाकला.

जयमालाने मोनिकाला फोन लावला. मोनिकाला खरंच वाईट वाटलं. मशीन बरोबर आहे ना, तिने विचारलं. जयमाला म्हणाली, बरोबर आहे. मग पुढचं कंपनीने ठरवायचं असतं मॅम, आम्ही फक्त दाखवतो. तिने हे इतकं हळू आवाजात सांगितलं की जयमालालाच तिची समजूत काढावी लागली.

ती क्लिप आली ती एका साध्या दुपारी. महाळुंग्याच्या कँटीनची मागची बाजू, भांडी घासायचे नळ, पत्र्याची भिंत. कुशाबाई एकटी. कपाळ पत्र्याला टेकलेलं. पदराचा बोळा तोंडात. बाजूच्या नळावर एक पोरगी ताट घासत होती. तिने पाठ वळवली आणि नळ आणखी मोठा सोडला. निळी चौकट अलगद उमटली, किती नेमकी, कुशाबाईच्या पदराच्या काठाला धरून. शोक. हो की नाही?

मठ्ठ म्हणून सोडून दिलेलं पोर एक दिवस अचूक उत्तर लिहितं, तेव्हा होतो तो आनंद जयमालाला क्षणभर झाला. आणि त्याचीच तिला शरम वाटली.

तिने क्लिप मागे नेली नाही. पडदा होता तिथेच राहू दिला आणि मान वळवून टेबलाच्या कडेकडे, चहाच्या वाळलेल्या गोल डागाकडे बघत 'नाही' दाबलं.

मशीनने विचारलं, मग काय? यादी उघडली. तिने निवडलं: हात-तोंड धुणे. मशीनने कारण विचारलं. एवढं बरोबर उत्तर देऊन चूक कशी, असं ते विचारत असल्यासारखं तिला वाटलं. तिने लिहिलं: नळ चालू आहे.

पुढची क्लिप मोशीकडच्या एका जिन्यातली. एक माणूस पायरीवर, डोकं गुडघ्यांत. वरून उतरणारे दोघे थबकून माघारी वळलेले. शोक. तिने लिहिलं: बुटाची नाडी बांधतो आहे. त्याच्या पुढची कुठल्याशा पार्किंगमधली. नाही. ऊन डोळ्यांवर आलं. पुढची. नाही. शिकवताना जेवढा धीर लागला होता तेवढाच आता लागणार होता. हो-नाहीतूनच शिकलेलं हो-नाहीतूनच जाईल, दिवस लागतील. कुणाच्या लक्षात आलं तर तेवढे दिवस मिळायचेही नाहीत. तिने एका बाईसाठी 'कांदा चिरणे' लिहिलं, आणि ते वाचून तिला हसू फुटलं. हसू फुटता फुटता मध्येच वाट चुकलं. तिने पदर शोधला. अंगात पंजाबी ड्रेस होता. ओढणीचं टोक हाताला लागलं ते तिने तोंडाशी धरलं.

दार ढकलून रोहिदास आत आला. त्याच्या दोन्ही हातांत कप होते. त्याने पडदा बघितला: पडद्यावर कांदा चिरणारी बाई गेटच्या खांबाला धरून उभी होती. मग त्याने जयमालाकडे बघितलं. कप त्याने आवाज न करता टेबलावर ठेवले. आणि तो वळला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभा राहिला. कॅलेंडर मागच्या महिन्याचं होतं. तो ते वाचत राहिला.

असं कुणी तिच्यासाठी उभं राहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. जयमालाने डोळे मिटून घेतले आणि थोडा वेळ तशीच राहिली, जेवढं राहवलं तेवढं. मग तिने वर, कोपऱ्यात बघितलं.

"रोहिदास."

"हं."

"असा उभा राहू नकोस. त्याला कळतं."

रोहिदासची पाठ हलली नाही. मग त्याची मान हळूच छताकडे गेली, तिथून खाली आली.

"मग काय करू?"

"इकडे ये. बस. बघ माझ्याकडे, आणि काहीतरी बोल."

त्याने खुर्ची ओढली. तिच्यासमोर, अगदी समोर बसला, कप उचलून तिच्यापुढे धरला आणि डोळे उघडे ठेवून तिच्याकडे बघितलं.

"आमच्याकडं कालपासून पाणी न्हाई, मॅडम," तो म्हणाला. "टँकरवाल्याला फोन लावतोय तर तो म्हणतो, साहेब, तुमच्या सोसायटीचा रस्ता खोदलाय. म्हटलं, कुणी खोदला? तर म्हणतो, केबल टाकणाऱ्यांनी. म्हटलं, कसली केबल? तर म्हणतो..."

जयमाला ओढणी तोंडाशी धरून ऐकत होती. रोहिदास बोलत राहिला, तिच्याकडे बघत, पापणी न हलवता, काहीही न बघता.